नादारीचा दरवाजा

'दिवाळं' या शब्दाची एक गोष्ट जुने लोक सांगतात. पेठेतला व्यापारी बुडाला, देणी भागेनाशी झाली, की तो भर दिवसा दुकानात दिवा लावून बसायचा. उन्हात जळणारा तो दिवा पाहिला की घेणेकरी समजून जायचे. मग जे शिल्लक असेल ते वाटून घ्यायचं, वह्या मिटायच्या आणि ज्याचं दिवाळं निघालं त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करू द्यायची. व्युत्पत्ती म्हणून ही गोष्ट कितपत टिकेल हे भाषेच्या अभ्यासकांनी ठरवावं. पण तिच्यातली समज पक्की आहे. दिवाळं निघण्यात लाज आहे, तसा शेवटही आहे. कर्ज फिटलं नाही तरी कधीतरी खातं बंद होतं.

प्रश्न एवढाच, की ते कोणाचं बंद होतं?

विरारच्या पुढे गाडी वैतरणा ओलांडते. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव करत डहाणूला पोचते. रुळांच्या पश्चिमेला तारापूर-चिंचणीची खाडी आणि समुद्र, पूर्वेला डोंगराकडे सरकत गेलेले वारली, कातकरी, मल्हार कोळ्यांचे पाडे, आणि मधोमध बोईसरची एमआयडीसी. तासाभरात पार होणाऱ्या या पट्ट्यात गेल्या दोनशे वर्षांतली तीन वेगवेगळी कर्जं सापडतात. ती शेजारी ठेवून पाहिली, की कर्जातून सुटण्याचा कायदा कोणासाठी झाला आणि कोणाच्या दारापर्यंत पोचलाच नाही, हे नीट दिसतं.

तारापूरची पेढी

पहिलं कर्ज मोठ्या माणसांचं. तारापूरचे विकाजी मेहेरजी आणि त्यांचे भाऊ पेस्तनजी हे पारशी व्यापारी. कंपनी सरकारच्या अमलात उत्तर कोकणातल्या जकातीचे मक्ते घेऊन विकाजी वर आले. तारापुरातली अग्यारी त्यांनीच बांधली. मग या कुटुंबाची पेढी हैदराबादेपर्यंत पोचली. वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबई बंदरात आणण्याची सुरुवात करणाऱ्यांत ही पेढी होती. औरंगाबादच्या टांकसाळीतून निघालेल्या एका रुपयाला लोक 'पेस्तनशाही' म्हणत. नाण्याला सावकाराचं नाव पडावं, इतकी ही पत.

निजामाच्या सरकारला त्या काळी कायम पैशाची चणचण असे. दिवाण चंदूलाल सावकारांकडून कर्ज उचलत आणि बदल्यात महसूल लावून देत. पेस्तनजींच्या पेढीने मोठमोठ्या रकमा दिल्या आणि तारण म्हणून वऱ्हाडातल्या महसुलाची वसुली हाती घेतली. १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाले. पुढे दरबाराने लावून दिलेला महसूल काढून घेतला. मुद्दल अडकलं. कंपनी सरकारने हा आपला मामला नाही म्हणून हात झटकले. पेढी बुडाली. या कुटुंबाने पुढे लंडनपर्यंत दाद मागितली.

या गोष्टीत घेणेकरी एक पेढी आहे आणि देणेकरी एक राज्य. राज्याचं दिवाळं काढायला कोणतंच न्यायालय नव्हतं. पण व्यापाऱ्याला, निदान मुंबईच्या व्यापाऱ्याला, अशी सोय होती. १८२८ साली ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांत नादारांसाठी वेगळी न्यायालयं आली. १८४८ मध्ये तो कायदा नव्याने झाला. शहरातल्या देणेकऱ्याने आपली सगळी मालमत्ता न्यायालयाच्या हवाली करायची, ती घेणेकऱ्यांत वाटली जायची, आणि माणूस तुरुंगाच्या धाकातून मोकळा व्हायचा.

१८६४ च्या अखेरीस सुरतेकडून येणारी रेल्वे मुंबईला जोडली गेली, म्हणजे आजची आपली हीच लाइन. ते दिवस कापसाच्या तेजीचे होते. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत पैसा ओतला जात होता, शेअरचा सट्टा शिगेला पोचला होता. १८६५ मध्ये यादवी संपली, भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासकट शहरातले मोठमोठे व्यापारी बुडाले. बुडणाऱ्यांची संख्या इतकी होती, की त्यांची देणीघेणी निकालात काढायला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. मोठ्या माणसांचं दिवाळं निघालं, की कायदा धावत येतो, हे मुंबईने त्या वर्षी पाहिलं.

याच रेल्वेच्या पूर्वेला मात्र त्या वेळी वेगळंच खातं लिहिलं जात होतं. खरं तर ते लिहिलंही जात नव्हतं.

लग्नगडी

वारल्याला लग्नासाठी पैसे लागत. देज द्यायचं, ताडी आणायची, पाड्याला जेवू घालायचं. हे पैसे जमीनदार-सावकार देई. फेड पैशात होत नसे, अंगमेहनतीने होई. कर्ज घेणारा सावकाराचा गडी व्हायचा आणि ज्या बायकोशी लग्न करण्यासाठी कर्ज काढलं तीही त्याच्याबरोबर राबायची. यालाच लग्नगडी म्हणत. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी घ्यायची आणि सुगीला ती दिढीने परत करायची. म्हणजे मणाला दीड मण. कामाचा मोबदला कर्जातून किती वळता झाला हे सांगणारा सावकारच. वही त्याची, लेखणी त्याची, आणि कितीदा तर वहीचीही गरज नसे. बाप मेला की मुलगा त्याच्या जागी उभा राहायचा.

हिंदू कायद्यात दामदुपट नावाचा एक जुना नियम आहे. व्याज साचत गेलं तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. मुंबई इलाख्यातली न्यायालयं हा नियम मानत. पण तो लागू व्हायला आधी दावा न्यायालयात यावा लागतो, हिशोब मांडावा लागतो. लग्नगड्याच्या सावकाराला न्यायालयात जायचं कारणच नव्हतं. त्याला हवं ते त्याच्या खळ्यावर रोज हजर होत होतं.

इथे कायद्याचा इतिहास आणि डोंगराचा इतिहास एकमेकांना चुकवून जातात. मे १८७५ मध्ये सुपे इथून दख्खनचे दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. सरकार हादरलं. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करायची नाही, असं त्यात ठरलं. पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज असलेल्या शेतकऱ्याला स्वतःला नादार जाहीर करून घेण्याचा अर्ज करता येईल, असंही एक प्रकरण त्यात होतं. शेतकऱ्यासाठी नादारीचा दरवाजा उघडण्याचा हा मोठा प्रयत्न. पण कायदा झाला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. जिथे वह्या जळल्या तिथे. ठाणे जिल्हा त्यात नव्हता.

मुंबईबाहेरच्या मुलखात १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत नादारीचं एक प्रकरण आलं. पण त्यासाठी आधी माणसाविरुद्ध पैशाचा हुकूमनामा व्हावा लागे, आणि त्यापायी अटक किंवा जप्ती यावी लागे. मग तो अर्ज करू शकत असे. मुलखासाठी नादारीचा स्वतंत्र कायदा झाला तो १९०७ मध्ये आणि त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम. या सगळ्या कायद्यांचं एक गृहीत आहे. कर्ज कागदावर असतं, घेणेकरी न्यायालयात जातो आणि देणेकऱ्याजवळ वाटायला काहीतरी असतं. लग्नगड्याच्या बाबतीत यातलं एकही खरं नव्हतं. त्याचं दिवाळं निघूच शकत नव्हतं, कारण तारण तो स्वतःच होता.

दरवाजा बाहेरून उघडला

१९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि आदिवासी भागाची पाहणी करायला डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला नेमलं. त्याच्या अहवालात लग्नगडी पद्धतीचं सरकारी कागदावरचं वर्णन आलं. १९३९ मध्ये मुंबई प्रांताने शेतकरी ऋणको साहाय्य कायदा केला. पण अहवाल आणि पाडा यांत अंतर होतं.

ते अंतर तोडलं वारल्यांनीच. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं आणि तिथे उंबरगावकडचे काही वारली पोचले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात काम करू लागले. २३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं, की वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचं नाही. कोणत्याही न्यायालयाने दिलेला नसला, तरी नादारीचा हुकूमच होता तो. देणेकऱ्यांनी एकत्र बसून स्वतः जाहीर केलेला. लाल बावटा घेऊन लोक गावोगाव गेले आणि लग्नगड्यांना सावकारांच्या वाड्यातून बाहेर घेऊन आले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चार जण मारले गेले. गोदावरीबाईंनी हा सगळा काळ 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

कायदा तीस वर्षांनी आला. २२ ऑगस्ट १९७५ या दिवसापासून महाराष्ट्रातल्या अल्पभूधारक, भूमिहीन मजूर आणि ग्रामीण कारागिरांची खाजगी सावकारांकडची कर्जं रद्द झाली आणि गहाण ठेवलेल्या वस्तू परत करायचं बंधन सावकारांवर आलं. पुढे सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. २५ ऑक्टोबर १९७५ पासून देशभर वेठबिगारी संपवणारा कायदा अमलात आला. त्यातलं एक कलम मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात शहाणं कलम वाटतं. एखादं कर्ज वेठबिगारीचं आहे असं मजुराने म्हटलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर. ज्याच्या हाती वही होती, त्यालाच आता वहीचा जाब द्यायचा होता. रद्द झालेल्या कर्जापोटी पैसे घेतले तर तीन वर्षांपर्यंत कैद.

कायदा झाला म्हणून वेठ संपली नाही. १९८२ मध्ये वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभी केली ती वेठबिगार सोडवण्याच्याच कामातून. सोडवलेल्या मजुराला सरकारकडून मुक्तीचा दाखला मिळतो. त्यावर लिहिलेलं असतं की हा माणूस आता कोणाचं काही लागत नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याला नादारी न्यायालयातून जो कागद मिळत होता, त्याचाही अर्थ हाच होता.

बोईसरला आज

आता तिसरं कर्ज. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. बोईसरला एमआयडीसी आली. रसायनं, कापड, पोलाद यांचे कारखाने आले आणि त्यांच्या आजूबाजूला लेथ, वेल्डिंग आणि पॅकिंगची छोटी वर्कशॉपं. आज इथलं कर्ज हप्त्यांचं आहे. पतपेढीचं, बँकेचं, क्रेडिट कार्डाचं, मोबाइलवरच्या अॅपचं, भिशीचं आणि हातउसनं. कंत्राटी कामगाराची पाळी सुटली किंवा वर्कशॉपवाल्याचं बिल कंपनीत सहा महिने अडकलं, की एक हप्ता दुसऱ्या कर्जातून भरला जातो.

अशा माणसाला नादारीचा अर्ज करता येतो का? येतो. बहुतेकांना हे माहीत नसतं. म्हणून त्याचं मूळ गणित इथे मांडतो.

सामान्य माणसासाठी आजही लागू आहे तो १९२० चाच अधिनियम. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आणि त्याचं काम उच्च न्यायालयात. बोईसरच्या माणसाने जायचं ते जिल्हा न्यायालयात किंवा सरकारने अधिकार दिलेल्या त्याखालच्या न्यायालयात. कर्ज पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त असावं, अशी अट आहे. शंभर वर्षांपूर्वीची रक्कम तशीच राहिली आहे. पैशाच्या हुकूमनाम्यात अटक किंवा जप्ती झाली असेल तरीही अर्ज करता येतो. आपण कर्ज फेडू शकत नाही हे सांगायचं. सगळ्या घेणेकऱ्यांची नावं, पत्ते आणि रकमा द्यायच्या. स्वतःची सगळी मालमत्ता कुठे आहे आणि तिची किंमत काय हे लिहायचं. ती न्यायालयाच्या हवाली करायची तयारी दाखवायची.

न्यायालयाने नादार ठरवलं की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि घेणेकऱ्यांत हिश्श्याने वाटली जाते. त्यानंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणी घेणेकरी वसुलीचा दावा लावू शकत नाही. जप्ती होऊ शकत नाही ते मात्र तुमच्याकडेच राहतं. अंगावरचे कपडे, भांडीकुंडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, धर्मरीतीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता न येणारे दागिने म्हणजे मंगळसूत्र, मजुराची मजुरी.

शेवटचा टप्पा मुक्तीचा. न्यायालयाने ठरवून दिलेल्या मुदतीत त्यासाठी अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर नादारीचा हुकूमच रद्द होतो आणि सगळं पुन्हा पहिल्या ठिकाणी येतं. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेसुद्धा वसूल होत नसतील, तर हे आपल्या दोषामुळे घडलं नाही हे न्यायालयाला पटवून द्यावं लागतं. मुक्ती मिळेपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता कोणाकडून पन्नास रुपयांचीही उधारी घेणं गुन्हा आहे.

काय सुटत नाही तेही नीट पाहावं. घर किंवा यंत्र तारण असेल तर तारण ठेवणाऱ्या बँकेचा हक्क तसाच राहतो. सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं कर्ज आणि पोटगी माफ होत नाही. चेक न वटल्याचा फौजदारी खटला यामुळे थांबत नाही. आणि आपल्याकडच्या पतपेढ्यांच्या जगात सर्वात महत्त्वाचं म्हणजे जामीनदार सुटत नाही. तुम्ही नादार झालात तर १०१ चा वसुली दाखला घेऊन पतपेढी तुमच्या मित्राच्या किंवा मेव्हण्याच्या पगाराकडे वळते. अनेकजण हा अर्ज करत नाहीत त्यामागे लाजेइतकंच हेही कारण असावं. जामीनदार सोबत राहतो, त्याच कॉलनीत.

एक भीती मात्र विनाकारण आहे. कर्ज फेडता येत नाही एवढ्यावरून तुरुंगात टाकता येत नाही. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाने, हे स्पष्ट केलं. जवळ पैसे असून बुडवणारा आणि जवळ काही नसणारा यांत फरक करायलाच हवा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करताच येत नाही. फोनवरून 'पोलीस घेऊन येतो' म्हणणाऱ्या वसुलीवाल्याला हे ठाऊक असतं. आपल्यालाही असावं.

न उघडलेलं कलम

२०१६ मध्ये संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता केली. तिचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आहे. त्यात 'नवी सुरुवात' नावाची एक तरतूद आहे. ज्याचं वार्षिक उत्पन्न साठ हजार रुपयांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत आणि ज्याला स्वतःचं घर नाही, त्याची पात्र कर्जं सोप्या पद्धतीने माफ व्हावीत. या आकड्यांकडे पाहिलं की डोळ्यांसमोर दुसरं कोणी येत नाही. वीटभट्टीवर उचल घेऊन भिवंडी-वसईकडे जाणारं कातकरी कुटुंब येतं. लग्नगड्याचा नातू येतो.

हा भाग अजून लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून त्यातला तेवढाच तुकडा लागू केला, जो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे तारापूरच्या एखाद्या कंपनीचा हमीदार संचालक राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे नव्या कायद्याखाली जाऊ शकतो. त्याच कंपनीला सुटे भाग करून देणारा लेथवाला १९२० च्या कायद्याखाली आठ आण्यांचा हिशोब देतो. आणि भट्टीवरच्या माणसाला नादारी म्हणजे काय हे सांगायला कोणी येत नाही. त्याची उचल भट्टीवाल्याच्या वहीत असते. १८६५ मध्ये रुळांच्या एका टोकाला खास कायदा आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, अशी जी मांडणी होती, ती फार बदललेली नाही.

झरीला जमलेल्या वारल्यांकडे वकील नव्हता, अर्जाचा नमुना नव्हता. आपलं देणं केव्हाच फिटलं आहे, एवढं मात्र त्यांना स्वच्छ ठाऊक होतं. किती पिढ्या राबलो याचा हिशोब त्यांच्या अंगावर होता. कायद्याला तो मान्य करायला तीस वर्षं लागली. भट्टीवरची उचल, अॅपचं व्याज आणि पतपेढीचा जामीन यांचा हिशोब मांडायला आणखी तीस वर्षं थांबायची गरज नाही. कलम लिहून तयार आहे. ते लागू करायचं तेवढं बाकी आहे.